सत्तेचाळीसपैकी एकवीस: कर्नल हेमू अधिकारींची वर्दी आणि बॅट

फेब्रुवारी १९५९. वेस्ट इंडीजविरुद्धची पाचवी आणि शेवटची कसोटी दिल्लीत फिरोजशाह कोटलावर होती आणि भारताला त्या मालिकेतला चौथा कर्णधार हवा होता. मुंबईच्या पहिल्या कसोटीत पॉली उमरीगर कर्णधार होते. कानपूर आणि कलकत्त्याला गुलाम अहमद. कलकत्त्यात एक डाव आणि ३३६ धावांनी हरल्यावर गुलाम अहमद निवृत्तच झाले. मद्रासला पुन्हा उमरीगर ठरले होते, पण संघात कुणाला घ्यायचं यावरून वाद झाला आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी राजीनामा दिला. मग विनू मंकड. तो सामनाही २९५ धावांनी गेला. मालिका हातातून गेलेली, समोर वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट. या दोघांनी मिळून त्या मालिकेत पन्नासहून जास्त बळी घेतले.

अशा वेळी बोलावणं गेलं ते लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांना. वय एकोणचाळीस. मालिकेतल्या आधीच्या चारही कसोटींत ते नव्हते. ते भारतीय सैन्यात नोकरी करत होते आणि सेनादलांच्या संघाकडून रणजी खेळत होते.

त्यांच्याबद्दल शोधायला बसलं तर आधी हसूच येतं. आडनाव अधिकारी, हुद्दाही अधिकारी. फोनवर ‘सैन्य अधिकारी’ असं टाकलं की पहिली दोन पानं भरतीच्या जाहिरातींची येतात. ‘हेमू अधिकारी’ टाकल्यावर मात्र एक फारच किरकोळ दिसणारी ओळ मिळते: २१ कसोटी, ८७२ धावा, सरासरी ३१.१४, शतक एक. माझ्यासारखा दिवसभर आकड्यांच्या रकान्यांत डोकं घालून बसणारा माणूस अशी ओळ पाहून पुढे सरकतो. मी थांबलो ते तारखांमुळे. पहिली कसोटी नोव्हेंबर १९४७, शेवटची फेब्रुवारी १९५९. म्हणजे अकरा वर्षांहून जास्त काळ. त्या काळात भारत किती कसोटी खेळला ते मी मालिका लावून मोजलं. सत्तेचाळीस. त्यातल्या एकवीस अधिकारींच्या. उरलेल्या सव्वीस कुठे गेल्या?

सगळ्या काही सैन्याने खाल्ल्या नाहीत. निवड समिती तेव्हाही निवड समितीच होती. पण ज्या माणसाला संघ अडचणीत आला की बोलवायचे आणि एरवी विसरायचे, त्याचं आयुष्य दोन नोकऱ्यांत वाटलेलं होतं, आणि त्यातली पगाराची नोकरी क्रिकेटची नव्हती.

हेमू अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ चा, पुण्यातला. पुणं म्हणजे तेव्हा पेशव्यांचं जितकं तितकंच छावणीचं शहर. आपल्याकडचं क्रिकेट या छावण्यांच्या कडेनेच वाढलं. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी पळवणकर बाळू याच पुण्यात जिमखान्याच्या मैदानावर गोऱ्या साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करत होते. त्यांचे वडीलही पलटणीत नोकरीला होते, आणि साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर ही भावंडं खेळायला शिकली. सैन्य आणि क्रिकेट हे नातं मराठी माणसाला नवीन नव्हतं. फक्त त्या नात्यात आपण चेंडू आणून देणारे होतो.

अधिकारी पुण्याचे असले तरी १९३६-३७ च्या मोसमात, सतरा वर्षांचे असताना, रणजीत उतरले ते गुजरातकडून. नंतर बडोदा. आता इथे वेळापत्रक बघा. भारताची इंग्लंडमधली कसोटी ऑगस्ट १९३६ मध्ये संपली आणि पुढची कसोटी उजाडली जून १९४६ मध्ये. १९३९-४० ला इंग्लंडचा संघ इकडे यायचा होता, महायुद्ध सुरू झालं आणि दौरा रद्द झाला. सतरा ते सव्वीस ही फलंदाजाची उमेदीची वर्षं, आणि त्या सगळ्या वर्षांत भारताची एकही कसोटी नाही. पदार्पण झालं तेव्हा अधिकारी अठ्ठावीस वर्षांचे होते.

युद्ध चालू असताना देशात क्रिकेट मात्र जोरात होतं. रणजी थांबली नाही. मुंबईत ब्रेबर्नवर पंचरंगी सामने व्हायचे: हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि बाकीचे. अधिकारीही हिंदूंच्या संघातून खेळले. डिसेंबर १९४३ च्या अंतिम सामन्यात ‘बाकीच्यां’च्या ३८७ धावांत विजय हजारेंच्या एकट्याच्या ३०९ होत्या. लोक ट्रामला लोंबकळून हे बघायला जायचे. पण हे बघताना एक प्रश्न कुणी विचारायचं नाही, आणि आज आपण तर अजिबातच विचारत नाही. हे लोक जेवायचे कशावर?

उत्तर आहे: संस्थानांवर. सी. के. नायडूंना इंदूरच्या होळकरांनी बोलावून घेतलं आणि आपल्या सैन्यात कॅप्टन केलं. ‘कर्नल सी. के.’ म्हणून ते पुढे सगळ्या देशाला माहीत झाले. ती वर्दी खरी, पण ती लढायला दिलेली नव्हती, खेळायला दिलेली होती. सांगलीचे विजय हजारे देवासच्या महाराजांच्या पदरी होते, नंतर बडोद्यात. बडोद्याचे गायकवाड म्हणजे तर क्रिकेटवेडे. मार्च १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. दोन्ही बाजूंना मराठी गाद्या. स्वातंत्र्याला पाच महिने उरले होते.

आणि मग हा सगळा डोलारा दोन-तीन वर्षांत गेला. पंचरंगी सामने १९४६ ला कायमचे बंद झाले. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राजेरजवाड्यांची खेळाडूंना पोसण्याची ऐपत संपली, मंडळाकडे पैसा नव्हता, जाहिराती नव्हत्या. कसोटीचं मानधन अडीचशे रुपये असायचं असं जुने खेळाडू सांगत आले आहेत, आणि वर्षात कसोटी होणार चार-पाच. कधी एकही नाही.

त्या पोकळीत खेळाडूंना नोकरी देणारे नवे मालक आले: सैन्य, रेल्वे, बँका, टाटांसारख्या कंपन्या. हेमू अधिकारी या बदलाच्या बरोब्बर सांध्यावर उभे आहेत. सुरुवात संस्थानच्या संघातून, शेवट सेनादलांच्या संघातून. नायडूंची वर्दी आणि अधिकारींची वर्दी यांत हाच फरक. हिच्यात बदली होते, रजा मंजूर करून घ्यावी लागते, आणि वरिष्ठ ‘नाही’ म्हणाले की नाही.

पदार्पणाचा दौरा ऑस्ट्रेलियाचा होता. १९४७ चा हिवाळा. फाळणीची आग विझली नव्हती. कर्णधार विजय मर्चंट गेले नाहीत, लाला अमरनाथ गेले. फझल महमूद निवडले गेले होते, ते पाकिस्तानात राहिले. समोर डॉन ब्रॅडमनचा संघ होता, आणि त्या संघाकडे नीट पाहिलं तर तो क्रिकेटपटूंचा जितका, तितकाच परतलेल्या सैनिकांचा संघ होता. रे लिंडवॉल लष्करात न्यू गिनीपर्यंत जाऊन आलेला. कीथ मिलर हवाई दलाचा वैमानिक, इंग्लंडमधून मॉस्किटो विमानं उडवलेला.

मिलरवर थोडं थांबतो, कारण तो आणखी एका खेळाचा खेळाडू होता. मेलबर्नमध्ये सेंट किल्डा या क्लबकडून तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा. तिकडच्या या फुटबॉलचं मैदान क्रिकेटचंच असतं, लंबगोल. १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये त्याचे नियम लिहिले गेले तेव्हा टॉम विल्ससारख्यांच्या डोक्यात एक साधा हिशेब होता, की हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, त्यांना पळवायला काहीतरी हवं. पुढे दोन्ही महायुद्धांत या क्लबांमधून किती पोरं थेट छावणीत गेली त्याची तिकडे अजून आठवण काढतात. क्लबांच्या भिंतींवर नावं कोरलेली आहेत. खेळाडूचा सैनिक होणं ही त्यांच्याकडे गोष्ट आहे, सांगायची, दरवर्षी सांगायची. आपल्याकडे ती सर्व्हिस बुकातली नोंद आहे.

तर, अ‍ॅडलेड. जानेवारी १९४८, चौथी कसोटी. ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८. भारताला फॉलोऑन. हजारेंनी पहिल्या डावात ११६ केल्या होत्या, दुसऱ्यात १४५. एका कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. त्या दुसऱ्या डावाचा धावफलक एकदा उघडून पाहाच. शून्यांची रांग लागली आहे. लिंडवॉलने सात बळी घेतले. हजारेंबरोबर टिकला तो एकच माणूस, अधिकारी, ५१ धावा. दोघांनी सातव्या विकेटसाठी १३२ जोडल्या. सामना डावाने गेला. २८ जानेवारीला तो संपला, आणि दोनच दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. संघ तेव्हा तिकडेच होता.

अधिकारींचं हे पुढे नेहमीचंच झालं. मोठी खेळी दुसऱ्याची, तिला धरून राहणारा हा. फक्त कोटला याला अपवाद.

नोव्हेंबर १९४८ मध्ये कोटलावर पहिलीवहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजने ६३१ काढल्या, त्यात चार शतकं. काश्मीरमध्ये त्याच महिन्याच्या पहिल्या दिवशी आपल्या सैन्याने झोजिला घेतला होता, लढाई चालूच होती. आणि दिल्लीत हा फलंदाज नाबाद ११४ करत होता. भारत ४५४ वर आटोपला. तेव्हाच्या नियमाने फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावात सहा गडी गेले असताना पुन्हा हाच नाबाद, २९. सामना वाचला. एका कसोटीत दोन्ही डावांत तो बाद झालाच नाही.

चार वर्षांनी, ऑक्टोबर १९५२, पुन्हा कोटला. पाकिस्तानची पहिली कसोटी. युद्धबंदीला चार वर्षंही झाली नव्हती. पाकिस्तानचा कर्णधार अब्दुल हफीझ कारदार १९४६ ला भारताकडून खेळलेला होता. आणि त्यांच्याकडून गोलंदाजी करत होता अमीर इलाही, जो पाच वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर अधिकारींबरोबर एकाच संघात होता. फाळणी म्हटली की आपल्याला रेल्वे आणि छावण्या आठवतात. मला हे दोघंही आठवतात: एका दौऱ्यावर एका बाजूला, पुढच्या भेटीत बावीस यार्डांच्या दोन टोकांना. त्यात एक जण आता भारतीय सैन्याचा अधिकारी.

भारत ९ बाद २६३. शेवटचे फलंदाज गुलाम अहमद आले, हैदराबादचे ऑफस्पिनर. आणि या जोडीने १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमद ५०, अधिकारी नाबाद ८१. एकूण ३७२. मंकड यांनी तेरा बळी घेतले, पाकिस्तान १५० आणि १५२, भारत एक डाव ७० धावांनी जिंकला. फरक सत्तरचा होता आणि शेवटच्या जोडीने एकशे नऊ दिल्या होत्या. विजय मंकडांच्या नावावर लागला, आणि तो त्यांचाच होता. पण अकराव्या नंबरच्या माणसाला बरोबर घेऊन उभं राहणं ही वेगळी विद्या आहे. त्याला कोणता चेंडू खेळू द्यायचा, षटकाच्या शेवटी एक धाव कशी चोरायची, समोरच्याला घाबरू कसं द्यायचं नाही. हाताखालच्या माणसाच्या कुवतीचा अंदाज घेऊन काम काढणं पलटणीत शिकवतात म्हणे.

आता मी ज्यामुळे या सगळ्यात पडलो ते सांगतो. मी पेणचा, आजोळ रोह्याचं. ऐरोलीच्या ऑफिसातून शुक्रवारी सुटलो की पनवेलला दिवा–रोहा मेमू पकडायची, हा क्रम. रोह्याला माझा मामेभाऊ आहे, एकवीस वर्षांचा. तो कबड्डी चांगली खेळतो, म्हणजे खरंच चांगली, उजव्या कोपऱ्यात त्याने घोटा धरला की सुटत नाही. आणि तो पहाटे पाचला उठून सोळाशे मीटर पळतो. त्याला कबड्डी सुटू नये म्हणून भरती व्हायचंय. मला हे उलटं वाटायचं. पोरं खेळ सोडून भरतीच्या मागे लागतात, असं आम्ही शहरात नोकऱ्या करणारे बोलत असतो. त्याचा हिशेब असा: इथल्या स्पर्धांत बक्षीस मिळतं, ट्रॉफी मिळते, यूट्यूबवर लाइव्ह दिसतो, पण घर चालत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत कोण जिंकतं? रेल्वे, नाहीतर सेनादल. म्हणजे चांगलं खेळायचं असेल तर आधी नोकरी. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत, त्यासाठीची प्रमाणपत्रं त्याने प्लास्टिकच्या फायलीत लावून ठेवली आहेत. अग्निवीरच्या चार वर्षांनंतर चारातल्या एकालाच कायम करतात, हेही त्याला तोंडपाठ आहे.

आमच्या भागात ही पहाटेची पळापळ नवी नाही. रायगड जिल्ह्यात सैनिक म्हटलं की आधी नाव येतं ते यशवंत घाडगे यांचं, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मशिनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, हातबॉम्ब टाकून मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने दोघांना मारलं, आणि शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि आमच्या लहानपणी एसटी तिथून गेली की आई हात जोडायला लावायची.

घाडग्यांशी अधिकारींची तुलना करायला मी हे सांगत नाही, ती होऊच शकत नाही. पण वर्दीबद्दल आपण बोलतो ते फक्त या टोकाला उभे राहून. मरण, पुतळा, सलामी. बहुतेक पोरांच्या हिशेबात वर्दी म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार, दवाखाना, पेन्शन, आणि जमलं तर खेळायला मैदान. यात कमीपणा काय आहे? हेमू अधिकारींच्या पिढीचाही हाच हिशेब होता. तो तसा कुणी लिहिला नाही इतकंच, कारण चरित्रं लिहिताना ‘देशसेवा’ हा शब्द जास्त बरा दिसतो.

आणि वर्दीने त्यांना खरंच मैदान दिलं. पन्नासच्या दशकात सेनादलांचा संघ रणजीत कुणी मनावर घ्यावा असा नव्हता. खेळाडूंच्या बदल्या व्हायच्या, सरावाला एकत्र माणसं मिळायची नाहीत. अधिकारींनी तो संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ असा लागोपाठ दोनदा अंतिम सामन्यापर्यंत नेला. पहिल्यांदा मुंबईकडून हरले, दुसऱ्यांदा बडोद्याकडून, म्हणजे आपल्याच जुन्या संघाकडून. त्यानंतर सेनादल पुन्हा कधीही रणजीच्या अंतिम सामन्यात पोचलेलं नाही. प्रथम श्रेणीत त्यांच्या साडेआठ हजारांहून जास्त धावा आहेत. त्या धावा बघितल्या की २१ कसोटींची ओळ वेगळी दिसायला लागते.

कव्हरमधलं त्यांचं क्षेत्ररक्षण हाही वर्दीचाच भाग असावा असं मला वाटतं. तेव्हाच्या भारतीय संघात क्षेत्ररक्षण म्हणजे फलंदाजी येईपर्यंत उभं राहण्याची जागा. मांडीला मांडी लावून गप्पा मारणाऱ्या संघात हा माणूस पळायचा, वाकायचा, झेप घ्यायचा.

म्हणून १९५९ च्या फेब्रुवारीत, संघात कुणाचं कुणाशी पटत नसताना, बोलावणं आलं. या माणसाचा कुठल्याच गटाशी संबंध नव्हता, कारण तो गटात बसायला मुंबई-दिल्लीत नसायचाच. भारताने पहिल्यांदा फलंदाजी करून ४१५ काढल्या. नरी कॉन्ट्रॅक्टर ९२, चंदू बोर्डे १०९, अधिकारी ६३. बोर्डे चोवीस वर्षांचे, तेही पुण्याचेच. त्या मालिकेत हॉल-गिलख्रिस्टसमोर भारताचे डाव कसे कोसळत होते ते पाहिलं तर ४१५ हा आकडा जवळजवळ चुकून छापल्यासारखा वाटतो. वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ केल्या, त्यात अधिकारींनी स्वतः लेगब्रेक टाकून तीन बळी घेतले. दुसऱ्या डावात पुन्हा बोर्डे उभे, ९६ वर असताना ते गिलख्रिस्टला खेळताना हिट विकेट झाले. दोन्ही डावांत शतक हुकलं. अधिकारी ४०. भारत २७५. सामना अनिर्णित.

मालिका ०-३ ने गेली. अनिर्णित सामन्याचं कुणाला कौतुक नसतं. पण तीन पराभवांनंतर पाच दिवस उभं राहणं ही त्या महिन्यात एवढीच कामगिरी उपलब्ध होती, आणि ती बाहेरून आलेल्या माणसाने करून दाखवली. त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. पुढच्या इंग्लंड दौऱ्याला भारताने आणखी एक नवा कर्णधार नेला, दत्ता गायकवाड, आणि पाचही कसोटी हरला.

त्यांची दुसरी पाळी प्रशिक्षक आणि व्यवस्थापक म्हणून. सुनील गावसकर, सय्यद किरमाणी, कपिल देव, रवी शास्त्री अशी नावं त्यांच्या तालमीतून गेली. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते अजित वाडेकरांच्या संघाचे व्यवस्थापक होते. खेळाडूंना पळवायचे, क्षेत्ररक्षणाचा सराव घ्यायचे. आज हे इतकं नेहमीचं वाटतं की त्यात लिहिण्यासारखं काय असंही वाटेल. तेव्हा ते नवीन होतं. २४ ऑगस्टला ओव्हलवर भारत इंग्लंडमध्ये पहिल्यांदा जिंकला. चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सगळ्यांना पाठ आहेत. इंग्लंड १०१ वर आटोपलं ते मात्र जवळ उभ्या राहिलेल्या माणसांमुळेही. अ‍ॅलन नॉटचा एकनाथ सोलकरने पुढे झेपावत बॅटखालून काढलेला झेल शोधून पाहा, कृष्णधवल आहे, दोन सेकंदांचा आहे. सोलकर म्हणजे हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. चेंडू आणून देणाऱ्यांपासून इथपर्यंत सत्तर-पंचाहत्तर वर्षं लागली.

तीन वर्षांनी तेच व्यवस्थापक, तोच कर्णधार, तोच देश, आणि लॉर्ड्सवर ४२ सर्वबाद. त्यातल्या १८ नाबाद सोलकरच्या. शिस्तीने सामने जिंकतात असं सांगणाऱ्यांनी १९७१ बरोबर १९७४ ही मोजावं. त्या दौऱ्यात संघ आतून फाटलेला होता आणि पलटणीतली शिस्त लावून तो शिवता आला नाही. हुकूम ऐकणारी माणसं आणि मानधनावर भांडायला शिकलेली माणसं यांच्यात फरक असतो. सत्तरच्या दशकात खेळाडू दुसऱ्या प्रकारचे व्हायला लागले होते, आणि ते बरंच झालं.

२५ ऑक्टोबर २००३ ला हेमू अधिकारी मुंबईत गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. गुलाम अहमदबरोबरची १०९ धावांची ती भागीदारी तेव्हाही शेवटच्या विकेटसाठी भारताची सर्वोच्च होती, एक्कावन्न वर्षं.

ती मोडली डिसेंबर २००४ मध्ये, ढाक्यात. एका बाजूला नाबाद २४८ करणारे सचिन तेंडुलकर, दुसऱ्या बाजूला अकराव्या नंबरवर येऊन ७५ धावा ठोकणारा श्रीरामपूरचा झहीर खान. दोघांनी १३३ जोडल्या. झहीर मुंबईला आला तेव्हा त्याच्या हातात इंजिनिअरिंगचा प्रवेश होता. वडिलांनी त्याला तो सोडून गोलंदाजी करायला सांगितलं.